स्वरयंत्र काढल्यावर पुन्हा बोलायला शिकताना

पूर्ण स्वरयंत्र काढावं लागणार असं सर्जननी सांगितलं की घरचे आधी जिवाचं विचारतात. मग जरा दबकत विचारतात, "पण बोलता येईल ना?" जिवाबद्दल सर्जन बोलतील. बोलण्याबद्दल मी सांगते: बहुतेक रुग्ण पुन्हा बोलतात. आवाज पहिल्यासारखा नसतो, शिकायला वेळ लागतो, रोज सराव करावा लागतो. पण दुकानात हिशेब सांगण्याइतकं, नातवंडांना रागावण्याइतकं, फोनवर ख्यालीखुशाली विचारण्याइतकं बोलणं परत येतं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि या ऑपरेशननंतरच्या रुग्णांना बोलायला शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. ज्या घरात हे सगळं पहिल्यांदाच समोर आलंय, त्यांच्यासाठी हा लेख. "सगळ्यात चांगली पद्धत कुठली?" असं मला नेहमी विचारतात. मला वाटतं प्रश्न असा हवा: हा माणूस आपल्या गावात, आपल्या हातांनी, आपल्या खिशाला झेपेल अशा खर्चात कुठली पद्धत वर्षानुवर्षं चालवू शकेल? पुढचं सगळं त्या प्रश्नाला धरून लिहिलंय.

काय जातं, काय राहतं

आपण बोलतो तेव्हा फुप्फुसांतून येणारी हवा स्वरयंत्रातल्या दोन स्वरपट्ट्यांना थरथरवते आणि आवाज तयार होतो. त्या आवाजाचे शब्द वर तोंडात होतात, जीभ, ओठ, दात आणि टाळू यांच्या हालचालींतून. बाजाच्या पेटीतल्या सूरपट्ट्या काढून घेतल्या आणि भाता शाबूत राहिला, अशी अवस्था ऑपरेशननंतर होते. फुप्फुसं चालू असतात, तोंडही शब्द घडवायला तयार असतं. मधली थरथर तेवढी गेलेली असते.

दुसरा बदल घरच्यांच्या उशिरा लक्षात येतो. श्वासनलिकेचं वरचं टोक सर्जन मानेच्या पुढच्या बाजूला आणून कातडीला शिवतात. ते भोक, म्हणजे स्टोमा, हीच आता श्वासाची एकमेव वाट. नाका-तोंडाचा फुप्फुसांशी संबंध कायमचा तुटतो, तोंडातून फक्त अन्न पोटात जातं. म्हणून या माणसाला फुंकर मारता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही आणि पूर्वीसारखं कुजबुजताही येत नाही. काही रुग्णांना नुसती ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी मानेतून श्वासनलिकेत भोक, केलेली असते आणि त्यांचं स्वरयंत्र जागेवर असतं. त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी. तुमच्या रुग्णाचं नेमकं काय झालंय हे डिस्चार्जच्या कागदावर वाचून घ्या, कारण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिलेला सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नामध्ये केली. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउर यांनी त्याच रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं आणि १८७४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. आवाज परत देण्याची धडपड या ऑपरेशनइतकीच जुनी आहे. त्यामुळे तुमच्या रुग्णालयात बोलण्याचा विषय कुणी काढला नाही, तर तुम्ही काढा. ते जास्तीचं मागणं नाही, उपचाराचाच भाग आहे.

पायरी १: ऑपरेशनच्या आधी

स्पीच थेरपिस्टची पहिली भेट ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. त्या भेटीत रुग्णाला स्वतःच्या आवाजात प्रश्न विचारता येतात, हे एकच कारण त्यासाठी पुरेसं आहे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल, नायर रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथे वाचा-उपचाराचे विभाग आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

सर्जनना विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून न्या. स्वरयंत्राबरोबर घशाचा किंवा जिभेचा किती भाग काढणार? आवाजाचा व्हॉल्व्ह (फुप्फुसांतली हवा अन्ननलिकेत वळवून आवाज देणारी छोटी झडप) याच ऑपरेशनमध्ये बसवणार की नंतर? रेडिएशन लागणार का? या तीन उत्तरांवर पुढची बरीचशी दिशा ठरते. घशाचा मोठा भाग काढून तिथे दुसरीकडचं कातडं लावलं असेल, तर अन्ननलिकेतून निघणारा आवाज कमजोर येतो, आणि हे आधी माहीत असलं की अपेक्षा त्याप्रमाणे ठेवता येतात.

मग आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मोबाइलवर, घर शांत असताना. नातवंडांची नावं, बायकोला मारायची हाक, "जेवलीस का", "मी येतो गं", देवघरातली रोजची आरती, जे त्या माणसाच्या तोंडी रोज असतं ते. काही घरांना हे अशुभ वाटतं, मला कळतं. तरी मी आग्रह धरते, कारण नंतर ही संधी मिळत नाही, आणि फोनवर बोट ठेवलं की आपल्याच आवाजात हाक मारता येते याचं मोल रुग्णाला नंतर फार वाटतं.

रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रांचा तक्ता याच दिवसांत त्याच्याबरोबर बसून तयार करा. रुग्णालयाचा छापील तक्ता बऱ्याचदा कामाला येत नाही. त्यात ग्लास असतो, पण आजोबांना त्यांचा तांब्या हवा असतो. घरातल्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो काढून चिकटवा.

आणखी एक तपासणी, ती रुग्णाची नाही: नवरा किंवा बायको, जे कोणी दिवसभर सोबत असेल, त्यांची ऐकण्याची चाचणी करून घ्या. साठीच्या पुढच्या जोडप्यात एकाला कमी ऐकू येत असतं आणि आजवर दुसऱ्याने मोठ्याने बोलून ते निभावलेलं असतं. आता मोठ्याने बोलणं होणार नाही. कानाचं यंत्र वेळेवर लागलं तर निम्मी भांडणं टळतात.

पायरी २: पहिले दोन आठवडे

या काळात नाकातून नळीने जेवण चालू असतं, मान सुजलेली असते, टाके ताजे असतात. आवाज अजिबात येत नाही, आणि तो काढायचा प्रयत्नही करायचा नाही. रुग्ण सवयीने जोर लावतो आणि स्टोमातून नुसती फुसफुस येते. ती सवय लागली तर पुढे मोडायला फार कष्ट पडतात. श्वास सैल ठेवून फक्त ओठ आणि जीभ हलवून, सावकाश, समोरच्याकडे तोंड करून शब्द उच्चारायचे. छोटी वाक्यं.

उशाशी पाटी-पेन्सिल किंवा लिहायची वही ठेवा, आणि एक घंटा. पूजेतली छोटी घंटा चालते. या माणसाला आता हाक मारता येत नाही, खोकल्याने कफ अडकला तरी ओरडता येत नाही, म्हणून घंटा हाताच्या अंतरावर हवी. घरच्यांनी एकेकाने बोलावं आणि "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारावेत. "काय हवंय?" पेक्षा "पाणी हवंय का?" बरं.

सर्जनची परवानगी असेल तर याच काळात तोंडातल्या नळीचं मशिन वापरून पाहता येतं. त्याबद्दल खाली येईलच.

तीन वाटा

नवी थरथर तीन ठिकाणांहून मिळू शकते. मशिनमधून, ज्याला इलेक्ट्रोलॅरिंक्स म्हणतात. फुप्फुसांची हवा छोट्या व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत वळवून. किंवा तोंडातली हवा अन्ननलिकेत ढकलून ढेकरासारखी परत आणून. स्टोमावर टेकवून आणि नळी तोंडात धरून वाजवायचं, रबराच्या पडद्याचं एक हवेचं साधनही असतं, त्याला टोकियो लॅरिंक्स म्हणतात. ते स्वस्त आहे आणि बॅटरी लागत नाही, पण शिकवणारे कमी.

निवडताना मी घरच्यांसोबत या गोष्टी पाहते: हात थरथरतो का, आरशात जवळचं स्पष्ट दिसतं का, व्हॉल्व्ह बदलणारं रुग्णालय किती तासांवर आहे, वर्षाला किती खर्च झेपेल, कामाच्या वेळी दोन्ही हात गुंतलेले असतात का. गडचिरोलीच्या आत राहणाऱ्या, एकट्या, मोतीबिंदू असलेल्या माणसाला कुणी केवळ "लेटेस्ट आहे" म्हणून व्हॉल्व्ह बसवावा, हे मला पटत नाही. आणि ठाण्यात राहणाऱ्या, रोज माणसांशी बोलावं लागणाऱ्या पन्नाशीच्या बाईला कुणी मशिन देऊन मोकळं व्हावं, हेही पटत नाही. बरेच जण दोन पद्धती शिकतात, एक रोजची आणि एक अडीअडचणीची. मी तसंच करायला सांगते.

मशिन शिकताना

टॉर्चएवढं हे यंत्र मानेवर टेकवून बटण दाबलं की त्याची थरथर कातडीतून घशात जाते आणि जीभ-ओठ तिचे शब्द करतात. पहिल्या दिवसापासून आवाज निघतो, हा त्याचा मोठा आधार.

सुरुवात आरशासमोर बसून करा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने मशिन डाव्या हातात धरावं, म्हणजे उजवा हात सही करायला, पैसे द्यायला मोकळा राहतो. आधी जागा शोधायची. हनुवटीखाली मध्यापासून सुरुवात करून मशिनचं तोंड बोटाबोटाच्या अंतराने बाजूला सरकवत जा आणि प्रत्येक ठिकाणी ओठांनी "आ" करा. जिथे तोंडातून येणारा आवाज सगळ्यात भरीव आणि बाहेरची गुणगुण सगळ्यात कमी, ती तुमची जागा. तिथे पेनाने बारीक खूण करून ठेवा. मशिनचं तोंड कातडीवर सपाट टेकलं पाहिजे. कडेला फट राहिली तर गुणगुण बाहेर पडते आणि शब्द बुडतात.

रेडिएशननंतर मान लाकडासारखी कडक होते आणि थरथर आत जात नाही. अशा वेळी गालावर जागा शोधा. तीही जमली नाही तर मशिनला टोपी लावून पातळ नळी तोंडात घ्यायची. नळी ओठाच्या कोपऱ्यातून जिभेच्या वर साधारण दोन बोटं आत जाते. जिभेने ती बंद होऊ नये आणि थुंकीने तुंबू नये, एवढं सांभाळलं की झालं.

जागा सापडली की बटणाची वेळ साधायची. वाक्य सुरू होताना दाबायचं, संपल्यावर सोडायचं. नवे रुग्ण बटण दाबूनच ठेवतात आणि सगळी वाक्यं एकमेकांत मिसळतात. जिथे आपण लिहिताना स्वल्पविराम देतो तिथे अंगठा उचला. शब्द नेहमीपेक्षा सावकाश, ओठ-जीभ जास्त हलवून. आणि श्वास शांत: बोलताना स्टोमातून फुसफुस येत असेल तर ऐकणाऱ्याला शब्दांपेक्षा तीच जास्त ऐकू येते.

दात काढलेले असतील तर कवळी बसवून घ्या. रेडिएशनआधी बऱ्याच जणांचे दात काढावे लागतात, मिश्री किंवा तंबाखूने ते आधीच हललेले असतात, आणि मग "त", "द", "स" घसरतात. मशिनला दोष दिला जातो आणि दुरुस्ती दातांची हवी असते.

मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचा सराव मला आठवतो. त्या डाव्या हातात मशिन धरून उजव्या हाताने तराजू उचलायच्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी किलोचा भाव, मग एकूण पैसे, अशी दोनच वाक्यं सांगायच्या. आम्ही आठवडाभर फक्त तीच दोन वाक्यं घोटली. "पाव किलो वीस रुपये." "सगळे मिळून साठ." ती बाजारात चालली तेव्हा त्यांनी बाकीचं शिकायला घेतलं. तुमच्या रुग्णाचीही अशी चार-पाच रोजची वाक्यं शोधा आणि सराव तिथूनच सुरू करा. वर्तमानपत्र वाचून दाखवणं नंतर.

घेताना बॅटरी घरी बदलता येते का आणि दुरुस्ती भारतात होते का, हे विचारा. बिघडलेलं मशिन कुरिअरने परदेशात पाठवायचं म्हणजे रुग्णाचे कित्येक आठवडे मुक्याने जातात.

व्हॉल्व्ह: बसवणं, बोलणं आणि रोजची निगा

श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत सर्जन बारीक छिद्र करतात आणि त्यात सिलिकॉनचा एका दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवतात. डॉक्टरांच्या बोलण्यात याला टीईपी म्हणतात. रुग्णाने स्टोमा बोटाने बंद केला की फुप्फुसांतली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि आवाज येतो. अन्न-पाणी उलट दिशेने श्वासनलिकेत येत नाही. अमेरिकेतल्या मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी ही पद्धत १९८० साली मांडली. १९९० मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांचा प्रोव्हॉक्स नावाचा व्हॉल्व्ह आला. आपल्याकडे आयात व्हॉल्व्हची किंमत ही कायमची अडचण राहिली. बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी साधारण ५० रुपयांत तयार केलेल्या "औम" व्हॉल्व्हची म्हणूनच इतकी चर्चा झाली.

या पद्धतीचा आवाज तिन्हींत सगळ्यात सहज असतो, कारण भाता स्वतःचा असतो. एका श्वासात लांब वाक्य बोलता येतं.

जखम भरल्यावर, सर्जननी हिरवा कंदील दिल्यावर सुरुवात होते. खांदे सैल. साधा श्वास घ्या, छाती भरून नको. अंगठा किंवा मधलं बोट स्टोमावर ठेवा, हवा निसटणार नाही इतपत. दाबू नका. आणि हळूच "आ" सोडा. आवाज आला की बोट उचलून श्वास घ्या. मग "आ", "ई", "ऊ". मग एका श्वासात एक ते पाच आकडे. मग "आई आली", "पाणी आण". नव्या रुग्णांची नव्वद टक्के अडचण जोराची असते: आवाज येत नाही म्हणून ते जोर लावतात, जोराने घशाचा स्नायू आवळतो, आणि आवाज अजूनच येत नाही. हळू काढल्यावरही आवाज घुसमटलेलाच येत असेल तर स्नायूच्या आकडीची शंका घ्यावी. त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असा इलाज आहे, तेव्हा "मलाच जमत नाही" म्हणून घरी बसू नका.

निगा मात्र रोजची आहे, आणि इथे आळस चालत नाही. सकाळ-संध्याकाळ आणि जेवणानंतर आरसा, चांगला उजेड आणि व्हॉल्व्हसोबत मिळालेला ब्रश घ्या. हात धुवा. ब्रश पिण्याच्या पाण्यात ओला करा, व्हॉल्व्हच्या भोकात अलगद सरकवा, गोल फिरवा, बाहेर काढून पुसा. ब्रश बाहेर येताना स्वच्छ निघेपर्यंत. हे काम घरातल्या एका तरी दुसऱ्या माणसाला यायला हवं.

व्हॉल्व्ह कायमचा नसतो. काहींचा दोन-तीन महिन्यांत जातो, काहींचा त्याहून बराच टिकतो. मुख्य कारण बुरशी, जी सिलिकॉनवर वाढून झडप नीट बंद होऊ देत नाही. नेदरलँड्समध्ये ताक पिणाऱ्या रुग्णांचा व्हॉल्व्ह जास्त टिकतो असं रुग्णांमध्ये बोललं जायचं, आणि ग्रोनिंगेनमध्ये त्यावर प्रयोगही झाले. आपल्याकडे ताकाला कोण नाही म्हणेल? जरूर प्या, पण ब्रश त्यामुळे सुटत नाही.

पाणी पिताना खोकला आला तर गळती तपासा. रुग्णाला दूध किंवा रंगीत सरबताचा घोट घ्यायला सांगा आणि टॉर्च मारून व्हॉल्व्हकडे पाहा. रंग व्हॉल्व्हच्या मधोमध दिसला तर आधी ब्रश करा, झडपेत शिताचा कण अडकलेला असू शकतो. तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली. रंग व्हॉल्व्हच्या कडेने येत असेल तर घरी काही करू नका, रुग्णालयात जा. तोवर पातळ पाणी टाळून घट्ट पेज, दही, लापशी असं द्या. व्हॉल्व्हच्या कंपनीने दिलेली बुचासारखी टोपी असेल तर जेवताना ती लावता येते.

व्हॉल्व्ह निसटून पडला तर ते तातडीचं समजा. छिद्र काही तासांत आक्रसू लागतं आणि तोंडातली लाळ त्यातून फुप्फुसात जाते. रुग्णालयाने शिकवलं असेल तर दिलेली रबरी नळी छिद्रात घालून चिकटपट्टीने पक्की करा आणि निघा. पडलेला व्हॉल्व्ह सापडला नाही तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. हे पोचल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं, विचारण्याची वाट पाहायची नाही.

व्हॉल्व्हची कंपनी, जाडी आणि लांबी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. दुसऱ्या गावी अडचण आली तर तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच लागतं.

कफ घट्ट असेल तर कुठलाच आवाज नीट निघत नाही. नाकाने हवा ओलसर व्हायची, ते आता होत नाही, म्हणून स्टोमावर लावायचे फिल्टर मिळतात. ते परवडत नसतील तर स्वच्छ मलमलचा ओलसर रुमाल गळ्याभोवती बांधा. धुळीच्या गावात आणि उन्हाळ्यात तर हवाच.

अन्ननलिकेचा आवाज

याला ना मशिन लागतं, ना व्हॉल्व्ह, ना पैसे. लागतात ते महिने आणि चिकाटी. साधारण चार ते सहा महिने रोज थोडा थोडा सराव, आणि तरीही काहींना जमत नाही. जमलं नाही म्हणून रुग्णाला बोल लावू नका.

ओठ मिटून जिभेने तोंडातली हवा मागे दाबायची, ती अन्ननलिकेच्या तोंडाशी शिरते, आणि लगेच वर सोडायची. हवा गिळायची नाही. गिळलेली हवा पोटात जाते, पोट फुगतं, आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी सराव सोडतो. "प", "त", "ट", "क", "च" ही अक्षरं म्हणताना हवा आपोआप मागे ढकलली जाते, म्हणून सुरुवात त्यांनी. "पाट", "ताट", "काका", "टोपी", "चटका". एकेक शब्द, दर वेळी. मग "पोटात कळ", "ताट पुढे कर". दिवसातून पाच-सात वेळा, दर वेळी थोडाच वेळ. एका बैठकीत तासभर नको. जेवणानंतर लगेच करू नका.

ज्यांना जमतं त्यांचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि व्हॉल्व्हसाठी रुग्णालयाच्या फेऱ्या नसतात. शेतात किंवा वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याला हे फार मोलाचं आहे.

मराठीत अडणारी अक्षरं

इंग्रजी पुस्तकांतल्या सूचना आपल्याला पुरत नाहीत. आपली भाषा "क" आणि "ग", "ग" आणि "घ" असे बारीक फरक करते, आणि मशिन नेमके तेच पुसतं. मशिनची थरथर सतत चालू असते, म्हणून "काडी"ची "गाडी" होते, "पाणी"चं "बाणी". "ह" तर श्वासाचंच अक्षर, त्यामुळे "हात" हा "आत" ऐकू येतो आणि "भात", "घर" यांतला दमही निघून जातो.

उपाय आहेत. "प", "ट", "क" म्हणताना तोंडातच हवा कोंडून ती जोराने सोडायची, जरा ठसक्यात. "काडी-गाडी", "पाट-बाट", "ताप-दाब" अशा जोड्या घेऊन, घरच्या माणसाला पाठमोरं बसवून, त्याने कुठला शब्द ऐकला ते सांगायचं. "हो"ऐवजी "बरोबर" किंवा नुसती मान. प्रश्न विचारताना शेवटी "का" लावायचाच, कारण साध्या मशिनचा सूर चढत नाही आणि "जेवलास" हे विचारलं की सांगितलं ते कळत नाही. "जेवलास का" म्हटलं की शंकाच उरत नाही. आणि विषय आधी सांगायचा: "लाईट बिल. भरलंस का?" ऐकणाऱ्याला पहिला शब्द लागला की पुढचं निम्मं तो ओळखतो.

बायकांसाठी एक वेगळं दुखणं आहे. कुठल्याही पद्धतीने येणारा आवाज खर्जातला असतो, आणि फोनवर समोरचा "बोला भाऊ" म्हणतो. यावर कितीतरी जणी बोलणंच सोडतात. हे थेरपिस्टशी उघड बोला. काही मशिनचा सूर वर चढवता येतो, आणि फोनवर सुरुवातीलाच नाव सांगायची सवय लावता येते.

घरच्यांनी शिकायचं ते

वाक्य पुरं होऊ द्या. मधेच अंदाज बांधून वाक्य संपवू नका. नाही कळलं तर "कळलं, कळलं" म्हणू नका, जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवा आणि राहिलेला शब्द विचारा. टीव्ही आणि मिक्सर बंद. समोर बसा, चेहरा दिसू द्या. पाहुण्यांनी प्रश्न रुग्णालाच विचारावेत. "काका कसे आहेत?" असं त्यांच्या देखत काकूंना विचारलं जातं तेव्हा काकांच्या तोंडावर जे येतं ते मी फार वेळा पाहिलंय.

विडी-सिगारेट पुन्हा सुरू होऊ देऊ नका. स्टोमातून ओढणारेही असतात.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याने येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून होते, आणि बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ऑपरेशनचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा मशिन त्यात येतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. नंतर विचारून बहुधा उपयोग होत नाही.

फोन, काम आणि अडचणीची वेळ

फोनवर पहिलं वाक्य ठरवून घ्या: "मी मशिनमधून बोलतोय, फोन ठेवू नका." नाहीतर लोक जाहिरातीचा रेकॉर्ड समजून फोन कापतात. माउथपीस तोंडासमोर धरा, स्टोमापासून दूर. ज्यांना वर्गात किंवा दुकानात मोठ्याने बोलावं लागतं त्यांनी गळ्यात अडकवायचा छोटा माइक-स्पीकर घ्यावा, शिक्षक वापरतात तसला. मोबाइलवर मराठीत टाइप केलेलं वाचून दाखवणारी सोय असते, ती थेरपिस्टकडून किंवा घरातल्या मुलांकडून लावून घ्या.

पाकिटात एक कार्ड ठेवा, मराठी आणि इंग्रजीत: हा माणूस फक्त मानेतल्या छिद्रातून श्वास घेतो, ऑक्सिजन आणि कृत्रिम श्वास तिथेच द्या, नाका-तोंडाला मास्क लावून उपयोग नाही. स्टोमा झाकू नका. हेच वाक्य, घराचा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर घरातल्या कुणाच्या तरी आवाजात रुग्णाच्या फोनवर रेकॉर्ड करून पहिल्या स्क्रीनवर ठेवा, म्हणजे १०८ ला फोन लावल्यावर एक बोट टेकवून तो ऐकवता येईल. घरात दोन-चार वेळा तसं करून बघा, फोन स्पीकरवर ठेवून, समोरच्याला पत्ता नीट कळतोय ना ते विचारत.